मैंदर्गीचा दगड आणि माझा गुडघा

पुण्याहून सोलापूरला निघताना पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून माझं आणि एका ड्रिल मशिनचं भांडण झालं. मी हरलो. मशीन पुढं बसलं, कारण त्याला हादरे सोसत नाहीत म्हणे. मी मागं, पाण्याचे कॅन, फवारणीचा पंप आणि पितळी छिन्न्यांची पिशवी यांच्यामध्ये पाय आखडून बसलो. गाडी माझी बायको शालिनी चालवत होती. आरशातून माझ्याकडं बघत ती म्हणाली, "अहो, त्या पिशवीवर पाय नका ठेवू."

शालिनी दगडांची डॉक्टर आहे. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ती जुन्या लाव्हाच्या खडकातलं चुंबकत्व मोजते. लग्न झाल्यापासून हे दगड माझ्या घरात आहेत. कपाटात, पलंगाखाली, एकदा तर गव्हाच्या डब्यात सापडले. लोकांच्या बायकांना सवती असतात, मला सवती आहेत, त्याही काळ्या आणि जड. मी विमा कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता तरी माझी पाळी येईल. कसलं काय! तिची नोकरी अजून बाकी आहे आणि सवती तर वाढतच चालल्यात.

आजवर तिच्या एकाही दौऱ्यावर मी गेलो नव्हतो. या वेळी हट्टानं गेलो. निमित्त सांगितलं की तुमचा ड्रायव्हर रजेवर आहे, सोबत म्हणून येतो. खरं कारण वेगळं होतं. महिन्याभरापूर्वी ती बंद दाराआड फोनवर बोलत होती आणि माझ्या कानावर एवढंच पडलं, "राव, दोन वर्षं म्हणजे थोडी नाहीत हो. आणि तीही परदेशात." दार उघडून बाहेर आली आणि मला म्हणाली, "चहा टाकू?" मीही म्हटलं, "टाक." दोन वर्षं कुठं, कशाला, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण तेव्हापासून जेवण गोड लागेना. ही बाई मला सोडून दोन वर्षं जाणार आहे की नाही, हे काढून घ्यायला मी सोलापूरला निघालो होतो. आणि हा राव कोण, तेही बघायचं होतं.

टेंभुर्णी सोडल्यावर आम्ही माढ्याकडं वळलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच ज्वारी, आणि एका बाजूला बोडकं टेकाड. शालिनीला त्या टेकाडाचा माथा बघायचा होता. चढता चढता माझा गुडघा कुरकुरायला लागला, पण मी दात आवळून चढलो. वर एक म्हातारबा शेरडं राखत बसले होते. शालिनीनं त्यांना नमस्कार केला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "आजोबा, हितं कधी वीज पडली होती का?"

"वीज व्हय? पडली की! त्या धोंड्यावर पडली. लई मोठा आवाज. आमी तितं त्या बाभळीखाली हुतो." मग आम्हाला नीट न्याहाळून ते म्हणाले, "तुमी नुकसान मोजायला आलाय न्हवं? लई उशीर केला की!"

शालिनीनं पिशवी लगेच पुन्हा खांद्याला लावली. इथं एकही भोक पाडायचं नव्हतं. मी वैतागलो, "मग मला वर कशाला चढवलंस?"

तेव्हा तिनं टेकाडावर उभं राहून मला सगळं सांगितलं. लाव्हा तापलेला असतो तेव्हा त्यातल्या लोहाच्या बारीक कणांना दिशा नसते. तो निवत जातो तसं पृथ्वीचं चुंबकत्व त्या कणांना आपल्याकडं वळवतं आणि ते तसेच थिजतात. विषुववृत्तापाशी मोकळी टांगलेली चुंबकाची सुई आडवी राहते, ध्रुवाकडं जावं तशी ती तिरपी होत जाते. म्हणून खडकातली ती झुक मोजली की खडक कुठल्या अक्षांशावर निवला ते कळतं. "हे सगळं पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्ताच्या खाली होतं, दक्षिणेला. मग सरकत सरकत इथं आलं. आणि वीज पडली की दगडाची ती जुनी आठवण पुसली जाते."

ऐकून मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं काय? की जिला आमच्या लग्नाचा वाढदिवस मला सांगावा लागतो, ती दगडाच्या आठवणी जपत फिरतेय. तरी खरं सांगायचं तर तो अर्धा दिवस मजेत गेला. दोघंच होतो ना! शेंगदाणे खात खाली उतरलो. मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, "मग पुढं काय बेत?" म्हणून. ती म्हणाली, "पुढं सोलापूर."

सोलापुरात लॉजच्या दारात डॉक्टर राव उभेच होते. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतले, शालिनीचे जुने सहकारी. माझ्याहून वयानं मोठे, तरी सडसडीत, डोक्यावर पांढरी टोपी, आणि जिना दोन-दोन पायऱ्या एकदम चढतात. मला वाटलं होतं, मराठीत तरी मी वरचढ ठरेन. तर त्यांचं आजोळ नेमकं सोलापूरचं, विणकरांच्या घरातलं! "काय ओ साहेब, लई दमलात की," म्हणत त्यांनी माझी बॅग उचलली. माझी बॅग! मी ती ओढून घ्यायला गेलो तर ते तोवर वरच्या मजल्यावर पोचले होते.

संध्याकाळी ते आम्हाला आजोळच्या गल्लीत घेऊन गेले. घराघरातून मागांचा खडखडाट, दारात वाळत घातलेलं रंगीत सूत. एक म्हाताऱ्या मावशी बाहेर आल्या आणि शालिनीच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "तिन्नारा? (जेवलात का?)" आणि माझ्या बायकोनं त्यांना तेलुगूत उत्तर दिलं. एक शब्द नाही, चांगली दोन-तीन वाक्यं! मावशी खुदकन हसल्या, राव हसले. तिला तेलुगू येतं हे मला त्या गल्लीत उभं राहून कळलं. मी पण हसलो. नाकाला मिरच्या झोंबल्या तरी हसता येतं, हा अनुभव घेतला.

लॉजवर परतताना मी मागं रेंगाळलो. गुडघा ठणकत होता. कोपऱ्यावरच्या दुकानात कंबरेचे, मानेचे, गुडघ्याचे पट्टे टांगले होते. दुकानदार म्हणाला, "हा घ्या काका, आठ मॅग्नेट हायेत यात. सकाळी पळाल." मी घेतला आणि कोणाला न सांगता पॅन्टच्या आत चढवला. राव पायऱ्या कुदत चढणार आणि मी पट्टा दाखवत फिरणार? नाव नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैंदर्गी. अक्कलकोटच्या पुढं गेलं की पाट्यांवर आणि बोलण्यात कानडी मिसळायला लागतं. आभाळ भरून आलं होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. गावाबाहेर एक दगडखाण होती, शेजारी खडीचा क्रशर धूळ ओकत होता. खाणीचे मुकादम मल्लिनाथ छपरीतून हात हलवत आले, "बर्री, कुंद्री (या, बसा)." शालिनीनं त्यांना कामाचं सांगितलं, हे पठार दक्षिणेकडून सरकत आलं तेही. ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हंजे आमचं मैंदर्गी बाहेरगावचं हाय म्हणा की! करा करा. पण ही भिंत ब्रेकरनं फोडायची हाय. आज संध्याकाळच्या आत काम उरका."

काम मोठं नाजूक असतं. ड्रिलनं बोटाएवढा जाड दगडी दांडा कोरायचा, तो गरम होऊ नये म्हणून पंपानं पाणी सोडत राहायचं. दांडा अजून खडकाला चिकटलेला असतानाच त्यावर ॲल्युमिनियमची नळी चढवायची. नळीवर होकायंत्र बसवलेलं असतं. भोक कुठल्या दिशेला आणि किती तिरपं आहे ते वाचायचं, दांड्यावर पितळी तारेनं रेघ मारायची, आणि मगच तो मोडून काढायचा. दिशा चुकली तर दगडानं कोट्यवधी वर्षं सांभाळलेलं सगळं फुकट. खडकाचंच चुंबकत्व कधी होकायंत्राला फसवतं, म्हणून सूर्याच्या सावलीवरूनही दिशा काढतात. त्या दिवशी सकाळी सावलीच नव्हती.

शालिनीनं बजावलं, "ज्याच्या अंगावर लोखंड असेल त्यानं काढून ठेवा. किल्ल्या, मोबाईल, पट्टा, चष्म्याची डबी."

मी सगळं काढून गाडीत ठेवलं. कंबरेचा पट्टासुद्धा काढला. गुडघ्याचा राहिला. तिच्या डोक्यात कंबरेचा होता, माझ्या डोक्यात राव होते. ते नळी धरायला पुढं होणार इतक्यात मी म्हटलं, "सरका, मी धरतो."

"साहेब, तुम्ही कशाला खाली बसता? खडी टोचेल."

"मला सवय आहे," मी ठोकून दिलं. आणि भिंतीला लागून गुडघा टेकवून बसलो. होकायंत्र गुडघ्यापासून वीतभर. शालिनी आकडे वाचत होती, राव उतरवून घेत होते, आणि मी नळी अशी घट्ट धरली होती की जणू ती माझीच. एका भोकाहून दुसऱ्याकडं, तिसऱ्याकडं. ती एकदा म्हणाली, "बरं जमतंय की तुम्हाला!" काय सांगू, सगळी सकाळ त्या एका वाक्यावर निघाली. रावांकडं मी मुद्दाम बघितलं. ते आपले टोपी काढून वारा घेत होते.

जेवायला मैंदर्गीच्या बाजारातल्या खानावळीत बसलो. पापडासारखी मोडणारी कडक भाकरी, शेंगा चटणी, झणझणीत आमटी, आणि वर हुग्गी (खपली गव्हाची गुळातली खीर). मी हुग्गीची दुसरी वाटी मागवली. शालिनी हात धुवायला मागं गेली तेव्हा राव माझ्याकडं वाकून हळू आवाजात म्हणाले, "साहेब, एक बोलू का? मॅडमनी नाही म्हटलं ते मला पटलं नाही. एवढी मोठी प्रयोगशाळा. दोन वर्षं. मॅडमनीच अर्ज केला होता, त्यांचंच काम आहे ते. त्या नाही म्हणाल्या म्हणून मला विचारलं. आता हे दगड घेऊन मी चाललोय."

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. "नाही म्हणाली? कधी?"

"झाला की महिना. तुम्हाला... माहीत असेल ना?"

"हो हो, माहीत आहे," मी म्हटलं.

पहिल्यांदा मनात दिवाळीच झाली. नाही म्हणाली! जात नाही! महिनाभराचा घोर उतरला. मग हुग्गी गिळता गिळता दुसरी गोष्ट टोचली. हे या टोपीवाल्याला माहीत आणि मला नाही. हो म्हणायचं की नाही, हे तिनं कोणाशी बोलून ठरवलं? याच्याशी. घरात मी चहा पीत बसलो होतो. आणि तिसरी गोष्ट तर पचेचना. तिचे दगड. माझ्या गव्हाच्या डब्यातले, माझ्या पलंगाखालचे, ज्यांच्यावर मी इतकी वर्षं जळलो ते दगड हा घेऊन जाणार, आणि त्यांनी पोटातलं काय ते याला सांगायचं? शालिनी परत आली आणि म्हणाली, "काय झालं? तिखट लागलं का?" मी म्हटलं, "लागलं."

दुपारी ऊन पडलं. गावाबाहेरच्या ओढ्यात उघडा खडक होता, तिथं पुन्हा काम सुरू झालं. मी पुन्हा गुडघा टेकला. शालिनीनं या वेळी होकायंत्राबरोबर सावलीवरूनही दिशा काढली आणि कपाळाला आठ्या घातल्या. दोन्हींत भलतंच अंतर होतं. तिनं पुन्हा वाचलं. मी जरा मागं सरकलो तर सुई हलली. पुढं आलो, सुई माझ्याकडं वळली.

"अहो, उभे राहा. चालून दाखवा बरं."

मी चाललो. सुई माझ्या पाठोपाठ, गाईमागं वासरू यावं तशी. राव पुटपुटले, "अय्यो देवा."

मग त्या ओढ्याकाठी, बाभळीच्या आडोशाला जाऊन, मी पट्टा काढून बायकोच्या हातात दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पट्ट्यातली चुंबकं बोटानं चाचपत नुसती म्हणाली, "म्हणजे सकाळचं सगळं चुकलं. भोकं आहेत तोवर दांडे परत बसवून पुन्हा मोजता येईल. चला."

गाडी खाणीकडं अशी उडाली की ड्रिलला हादरे बसतात हे कोणाला आठवलं नाही. पोचलो तर ब्रेकर भिंतीच्या एका टोकाला लागलेला. धाडधाड आवाजात शालिनी हात वर करून पळत सुटली. मल्लिनाथांनी शिट्टी मारून मशीन थांबवलं. "मॅडम, सकाळी झालं म्हणाला न्हवं?"

"चुकलं हो. पुन्हा करायचंय."

"कुणाचं चुकलं?"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "आमचं," म्हणाली.

मल्लिनाथ म्हणाले, "पोरं च्या पितील तवर करून घ्या. मग न्हाय थांबवता यायचं."

एक भोक ब्रेकरखाली गेलं होतं. बाकीच्यांसाठी दोघं भिंतीला भिडले. मी पुढं सरकलो तर राव म्हणाले, "साहेब, तुम्ही ट्रॅक्टरपाशी थांबा. लोखंड लोखंडापाशी बरं." आता माझ्या अंगावर पट्टा नव्हता, पण तोंड कुठं होतं बोलायला? मी ट्रॅक्टरपाशी थांबलो.

तिथून मी पहिल्यांदाच तिला काम करताना बघितलं. सकाळी जवळ होतो तेव्हा माझं सगळं लक्ष रावांवर होतं. ती धुळीत पालथी पडून सुईएवढ्या सावलीवर डोळा लावून होती. पदर खोचलेला, केस पांढरे झालेले, तोंडानं आकडे. भोकामागून भोक. शेवटचं झालं तेव्हा ती खडकावर हात ठेवून हसली. घरात ती अशी हसलेली मला आठवेना. मला इतका हेवा वाटला, इतका, की डोळ्यांत पाणी आलं. कोणाचा हेवा ते मात्र नीट सांगता येत नाही. दगडाचा, रावांचा, की जिला असं काहीतरी सापडलंय त्या बाईचाच?

संध्याकाळी सोलापुरात चादरी बघायला गेलो. राव दुकानदाराशी तेलुगूत गप्पा मारत होते. मी शालिनीला एका चादरीच्या गठ्ठ्याआड गाठलं आणि एकदम म्हटलं, "तू जा."

"कुठं?"

"तुला माहीत आहे कुठं. दोन वर्षं. मला विचारायचं होतंस."

तिनं चादरीची घडी उलटसुलट केली. "विचारलं असतं तर तुम्ही 'तुझी मर्जी' म्हणाला असतात आणि मग महिनाभर तोंड पाडून बसला असतात. निवृत्त झाल्यापासून तुम्ही दारात बसून माझी वाट बघता. मला बघवत नाही ते."

हे खरं होतं, म्हणून मी चिडलो. "वाट बघायची माझी मी बघेन! पण तुझे दगड त्या माणसानं न्यायचे नाहीत. मला चालणार नाही. मी काही मोठ्या मनानं सांगत नाहीये, कळलं ना? जळून सांगतोय."

ती चादर तोंडाशी धरून इतकी हसली की राव धावत आले. तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं, जळण्याचंसुद्धा! वाटलं, आता तरी हा माणूस चिडेल, हक्क सांगेल. तर त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "बरं झालं की साहेब! माझा जीव होईना त्यांचं काम न्यायला. मी आत्ताच प्रयोगशाळेला कळवतो." मेला चांगुलपणातही दोन पायऱ्या पुढं.

परतीच्या वाटेवर मशीन मागं होतं आणि मी पुढं. मांडीवर कडक भाकरीची चवड होती, ती महिनोन्‌महिने टिकते म्हणून घेतलेली. शालिनीनं इंदापूरपर्यंत प्रयोगशाळेबद्दल सांगितलं, आणि मी, देवाशप्पथ, सगळं ऐकलं.

आता ती तिकडं आहे. निम्म्या भाकऱ्या तिनं नेल्या, निम्म्या माझ्याकडं आहेत. ब्रेकरखाली भोक गेलं त्याचा दांडा तिनं मला दिला. त्याची दिशा कोणालाच माहीत नाही, म्हणून तो शास्त्राला बाद. तो मी टीव्हीवर ठेवलाय. पट्टा तिनं जप्त केला आणि गुडघा अजून दुखतो. घर फार मोठं वाटतं. प्रवासानं माणूस उदार होतो असं लिहायची पद्धत आहे, पण मी झालो नाही. रोज जळतो. फक्त पूर्वी ती दगडांपाशी गेली की मी दार लावून घ्यायचो, आता रात्रीच्या फोनला 'आज काय मोजलंस' हे मी आधी विचारतो.

परवा तिचा फोन अवेळी, भर दुपारी आला. "अहो, मैंदर्गीच्या दगडाचा निकाल लागला! झुक अगदी स्वच्छ आली. विषुववृत्ताच्या खालीच होता तो. सकाळची उरलेली सगळी भोकं जुळली, तुमच्या गुडघ्याला न जुमानता!"

मी विचारलं, "रावांना कळवलंस?"

"नाही अजून. आधी तुम्हाला केला फोन."

मी तिचं पुरतं ऐकून घेतलं, 'जेवून घे' म्हटलं, फोन ठेवला आणि तडक रावांना लावला. म्हटलं, "काय राव, मैंदर्गीचं कळलं का?"

"नाही ओ साहेब. काय झालं?"

इतकं गोड 'नाही' मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. खुर्ची ओढून नीट बसलो, दुखरा गुडघा लांब केला आणि त्यांना अगदी सावकाश सगळं सांगितलं.